मराठी, सेमी की इंग्लिश मिडियम? फॉर्म भरायच्या आधी हे एवढं करून बघा

दिवाळी संपली की आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "पहिलीला कुठं घालताय?" आणि मग रात्री अकरापर्यंत मेसेज पडत राहतात, एक जण म्हणतो मातृभाषेशिवाय पोरगं घडत नाही, दुसरा म्हणतो तुमची पोरं कुठं शिकतात ते सांगा आधी, आणि ज्यानं विचारलेलं असतं तो बिचारा शेवटी शेजाऱ्याची पोरं ज्या व्हॅनमध्ये बसतात त्याच व्हॅनच्या शाळेत नाव घालून मोकळा होतो. मी यातनं दोनदा गेलेय. मोठीला इंग्लिश मिडियमला घातलं, तिसरीत काढून सेमीला आणलं, धाकटा पहिलीपासून सेमीला. आम्ही सांगलीकडचे, घरात मराठी, नवऱ्याचं आणि माझं शिक्षण मराठीतनं. चुका करून झालेल्या आहेत, तर त्या तुम्ही परत करू नका म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम म्हणजे बातम्या आणि आपला प्रश्न वेगळा करणं. माध्यम, विषय आणि बोर्ड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मी भांडणं यांची खिचडी झाल्यामुळं होतात. माध्यम म्हणजे गणित, परिसर अभ्यास वगैरे कुठल्या भाषेतून शिकवतात ते, विषय म्हणजे ती भाषा तासाला शिकवतात का ते, आणि बोर्ड म्हणजे स्टेट का सीबीएसई का आयसीएसई. २०२५ ला हिंदीवरनं जे रान पेटलं ते आठवा. १६ एप्रिलला जीआर आला की मराठी आणि इंग्लिश शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची, मग ओरड झाल्यावर १७ जूनला दुसरा जीआर, त्यात 'सक्ती' जाऊन 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात ती मागणारी किमान वीस पोरं पाहिजेत अशी अट, आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करून डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. त्या काळात आमच्या सासूबाई मला रोज विचारायच्या, "आता आपली शाळा हिंदी होणार काय गं?" नाही ओ. ते भांडण एका विषयाचं होतं, माध्यमाचं नव्हतंच. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नये हे माझंही मत आहे, पण त्या भांडणात मराठी शाळेच्या बाजूनं पोस्ट टाकणाऱ्यांनी स्वतःच्या पोरांचं ॲडमिशन त्याच महिन्यात इंग्लिश मिडियमला घेतलेलं मी बघितलंय. असो.

आता कायदा काय म्हणतो तेवढं माहीत असू दे, म्हणजे शाळेत कुणी काहीही सांगितलं तर मान हलवत बसणार नाही. माध्यम निवडायचा अधिकार तुमचा आहे. ६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कर्नाटकच्या केसमध्ये हे सांगून टाकलं, की सरकार प्राथमिक शाळांवर मातृभाषेची सक्ती करू शकत नाही आणि पोराची मातृभाषा कुठली हेसुद्धा आईवडीलच ठरवणार. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मातृभाषेतून शिकवावं असं आहे, पण 'शक्य तितपत' असा शब्द आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि जमलं तर आठवीपर्यंत घरची भाषा असावी असं लिहिलंय, तिथंही 'शक्य असेल तिथं'. म्हणजे नवीन धोरणामुळं इंग्लिश शाळा बंद होणार हा मेसेज आला तर डिलीट करा. उलट बाजूनं, २०२० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय शिकवणं सक्तीचं आहे आणि न शिकवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे, तेव्हा "आमच्याकडं इंटरनॅशनल करिक्युलम आहे, मराठी ऑप्शनल आहे" असं काउंटरवरची बाई म्हणाली तर तिला हसून विचारा, हा नियम माहीत आहे का म्हणून.

खरं काम इथनं पुढं सुरू होतं. शाळेच्या बोर्डावर लिहिलेलं माध्यम आणि वर्गात चालणारं माध्यम एक असतंच असं नाही, आणि पोरगं दुसऱ्यात शिकतं. त्यामुळं शाळा बघायला जाल तेव्हा एसी, स्विमिंग टँक, स्मार्ट बोर्ड बघू नका, दुसरी-तिसरीच्या वर्गात वीस मिनिटं मागच्या बाकावर बसू देता का विचारा. बरेच जण नाही म्हणतात. मग मधल्या सुट्टीत जा, व्हरांड्यात उभं राहा, काहीतरी कारण काढून ऑफिसबाहेर थांबा आणि कान उघडे ठेवा. तीन गोष्टी ऐकायच्या. बाई रागावतात कुठल्या भाषेत, पोरं शंका विचारतात कुठल्या भाषेत, आणि विचारतात का मुळात.

मी मोठीच्या त्या पहिल्या शाळेत हे केलं ते दोन वर्षं उशिरा, कसल्यातरी 'पेरेंट्स डे' ला. दुसरीचा वर्ग. बाई म्हणत होत्या, "चिल्ड्रन, बुक्स ओपन करा, पेज नंबर ट्वेल्व्ह काढा, आणि राईट डाऊन करा, लीफचा कलर ग्रीन का असतो, क्लोरोफिलमुळं, सी, एच, एल, ओ..." आणि सगळी पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती. एका पोरानं हात वर केला. त्याला सांगायचं होतं की त्याच्या मामाकडं शेळीला दोन पिल्लं झालीत (धड्यात कुठंतरी शेळी होती बहुतेक), तो उभा राहिला, "टीचर, माय मामा..." आणि थांबला. बाई म्हणाल्या, "इन इंग्लिश, बेटा." पोरगं दोन सेकंद उभं राहिलं आणि बसलं. बस्स एवढंच. बाई वाईट नव्हत्या, त्यांचं स्वतःचं शिक्षण माझ्यासारखंच मराठीतलं होतं आणि त्यांनाही वरनं सांगितलेलं होतं इंग्लिशच बोला. पण घरी येताना डोक्यात ते पोरगं बसलं ते बसलंच.

मराठी शाळेत गेलात तर वेगळ्या गोष्टी बघायच्या. नुसतं 'आपली मराठी शाळा' म्हणून गहिवरून नाव घालू नका. पट किती, शिक्षक किती, दोन वर्ग जोडून बसवतात का, हे सरळ विचारा. आरटीईप्रमाणं प्राथमिकला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग आणि दोन माणसं, त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर कसल्या सर्वेक्षणाच्या कामाला गेला की राहिला एक. पण याच द्विशिक्षकी शाळांत असे गुरुजी बसलेत की पहिलीतली पोरं दिवाळीपर्यंत वाचायला लागतात. माध्यमापेक्षा माणूस बघा हे मी दहा वेळा सांगेन. वर्गातल्या एखाद्या पोराला दुसरीचं बालभारतीचं पुस्तक वाचायला सांगा, बाईंची परवानगी घेऊन. 'असर' नावाची खेड्यातल्या पोरांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्यात हेच तपासतात, मोठ्या वर्गातल्या पोराला दुसरीच्या पातळीचं वाचता येतं का. तुम्हाला पाच मिनिटांत शाळेचा निकाल कळतो.

आता सेमी इंग्लिश म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण हा शब्द प्रत्येक शाळा आपल्या सोयीनं वापरते. साधारण अर्थ असा की गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. पण पहिली-दुसरीला स्टेट बोर्डात विज्ञान नसतंच, परिसर अभ्यास तिसरीपासून येतो आणि सामान्य विज्ञान सहावीपासून. म्हणजे पहिलीपासून सेमी याचा अर्थ पहिलीत फक्त गणित इंग्रजीत. काही शाळा पाचवीपासून सेमी करतात, काही आठवीपासून. ॲडमिशनच्या वेळी विचारायचं ते असं, की कुठल्या इयत्तेपासून, कुठले विषय, आणि तो विषय शिकवणाऱ्या बाई इंग्रजीत समजावतात का मराठीत समजावून इंग्रजीत लिहायला लावतात. दुसरा प्रकार असेल तर घाबरू नका, उलट मला तोच बरा वाटतो.

घरी करायचा एक प्रयोग आहे, फुकटचा. ई-बालभारतीच्या साईटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफ मिळतात. पाचवीचं गणित मराठी माध्यमाचं आणि इंग्लिश माध्यमाचं, दोन्ही उतरवून घ्या आणि अपूर्णांकाचा धडा शेजारी शेजारी ठेवून वाचा, मोठ्यानं. मराठीत अंश, छेद, समच्छेद. छेद म्हणजे कापणं, हे पोराला सांगावं लागत नाही, भाकरीचे चार तुकडे केले की दिसतं. इंग्लिशमध्ये न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, लाईक फ्रॅक्शन्स, पाठ करा. पण पुढं अकरावीला सायन्स घेतलं की जवळपास सगळीकडं इंग्रजीच आहे, आणि दहावीपर्यंत फक्त 'त्रिज्या', 'कर्ण', 'लसावि' ऐकलेलं पोरगं तिथं पहिले तीन महिने गप्प बसतं, हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय, हायपोटेन्यूज म्हणजे कर्ण हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं आणि त्या दिवशी मला रडू आलं की हे तर मला येतंय! तेव्हा मराठी माध्यम घेणार असाल तर आठवीपासून एक वही करा, डावीकडं मराठी शब्द उजवीकडं इंग्रजी, दर धड्याचे दहा. तेवढ्यानं पुरतं. त्यासाठी पहिलीपासून पोराची भाषा बदलायची गरज नाही. आणि नीट, जेईई मेन या परीक्षा आता इंग्रजी धरून तेरा भाषांत होतात, त्यात मराठी आहे, हेही माहीत असू दे.

"मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून" हे आपल्या आईवडिलांच्या काळातलं झालं बरं का. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी विषय पहिलीपासून आहे, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हा तो निर्णय झाला. तो कसा शिकवतात हा भाग वेगळा.

उलट इंग्लिश मिडियम घेणार असाल तर घरी मराठीची सोय तुम्हालाच करावी लागेल, ती आपोआप होत नाही. मोठी दुसरीत असताना मंडईत गेलो होतो, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "एकोणसत्तर झाले बाळ, सत्तर दे." पोरगी माझ्याकडं बघायला लागली. सिक्स्टी नाईन म्हटल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टला 'साठ दोन' अशी पण पद्धत दिली तेव्हा केवढी टिंगल झाली होती, विधानसभेपर्यंत विषय गेला. मीही हसले होते. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीवर होत्या आणि त्या सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटे आकडे (बासष्टमध्ये आधी दोन, मग साठ) पोरांना जड जातात, हा पर्याय आहे, सक्ती नाही. मंडईतनं आल्यावर मला वाटलं त्या बाई वर्गात बसलेल्या होत्या आणि आपण व्हॉट्सॲपवर.

आणि प्रश्न फक्त मराठी-इंग्रजीचा नाही. आमच्याच जिल्ह्यात जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, कारण तिथल्या घरांत कन्नड बोलतात. मेळघाटात पोरगं घरी कोरकू बोलतं, त्याला मराठी शाळा हीच परक्या भाषेची शाळा. मातृभाषेतून शिक्षण म्हणून जोरात ओरडताना आपण ही पोरं मोजतच नाही. गोव्यातल्या वाचकांना तर वेगळं सांगायला नको, तिथं १९९० पासून प्राथमिकला कोकणी-मराठीच्या शाळांनाच अनुदान होतं, २०११ ला इंग्लिशलाही द्यायचं ठरलं आणि त्यावरनं आंदोलनं, आरएसएसमध्ये फूट, नवा पक्ष, सगळं झालं. मुंबईत महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, तेव्हा तुमच्या घरी गुजराती, तेलुगू किंवा उर्दू असेल तर पालिकेची शाळा बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा, की संध्याकाळी घरी अभ्यास कोण घेणार? आमच्याकडं सासूबाई घ्यायच्या. त्यांना निमकी, पावकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा तोंडपाठ, पण मोठीच्या वहीत 'टू टू जा फोर' बघितलं की त्या चष्मा काढून ठेवायच्या. म्हणजे घरातली सगळ्यात वेळ असलेली, सगळ्यात चांगली शिक्षिका आम्ही फी भरून बाद केली होती, आणि मग ट्यूशन लावली. शाब्दिक उदाहरण आलं की पोरगी वाचायचीच नाही, सरळ विचारायची, "आई, प्लस करायचंय का मायनस?" एकदा मी तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवलं, आंबेवाल्याकडं पंचेचाळीस आंबे, अठरा विकले. तिनं सत्तावीस असं तोंडी सांगितलं आणि खेळायला गेली. त्या रात्री आम्ही शाळा बदलायचं ठरवलं. तुमच्या घरी दोघंही इंग्रजीत आरामात बोलता-वाचता, गोष्टी वाचून दाखवता, असं असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि येऊ दे. माझं मत विचाराल तर चौथीपर्यंत चांगली मराठी शाळा, पाचवीपासून सेमी. आमच्या जवळ तशी नव्हती म्हणून धाकटा पहिलीपासून सेमीला, तडजोड आहे ती.

आता कागदपत्रं, पटापट. शाळेचा यूडायस नंबर (सरकारदरबारी शाळेच्या नोंदीचा) मागा, अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तिथनं उठा, दरवर्षी शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या काढतो आणि त्यात 'इंग्लिश मिडियम' चा भरणा असतो. पहिलीला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, उगाच लवकर ढकलू नका. पहिलीच्या प्रवेशाला पोराची परीक्षा किंवा आईबापाची मुलाखत घेणं आरटीईच्या कलम १३ प्रमाणं चालत नाही, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे आणि नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत, डोनेशन घेतलं तर त्याच्या दहापट. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागत नाही, तो निकाल पण २०१४ च्या त्याच दिवशीचा.) आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव मोफत जागांतून इंग्लिश शाळेत नंबर लागला तर आनंद करा, पण तो मोफतपणा आठवीपर्यंतच आहे हे आजच लिहून ठेवा, नववीला पूर्ण फी येते आणि नेमकं तेव्हाच माध्यम बदलणं सगळ्यात अवघड असतं. फी दर वर्षी वाढवता येत नाही, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं ठरलेली फी दोन वर्षं बांधलेली असते, त्या मीटिंगला जात जा.

आणि माध्यम बदलायचंच झालं तर? तिसरी-चौथीपर्यंत सोपं आहे, पाचवीला जरा कष्ट, आठवीनंतर करू नका. इंग्लिशमधनं मराठीत येताना मे महिना धरा, रोज अर्धा तास वाचन, गोष्टीची पुस्तकं, पेपरातल्या हेडलाईन्स, जोडाक्षरांची भीती जाईपर्यंत. लिहायला चार-पाच महिने लागतात, मोठी दिवाळीपर्यंत 'र' चे सगळे प्रकार चुकवत होती, 'पर्वत' चं 'प्रवत' करायची, मग एकदम बसलं. मराठीतनं सेमीत जाताना फक्त गणिताचे शब्द, वर सांगितलेली वही.

जुनी शाळा एलसी देताना अडवते, हे गृहीत धरा. आम्हाला सांगितलं पुढच्या टर्मची फी भरा मग दाखला. खरं तर आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आरटीईचं कलम ५ बघा, त्यामुळं आम्ही सरळ नवीन शाळेत बसवली पोरीला आणि जुन्या शाळेला लेखी अर्ज देऊन पोच घेतली. तीन आठवड्यांनी दाखला आला. तो हातात आला की तिथंच उभं राहून वाचा, नाव, जन्मतारीख, जात आणि मातृभाषेचा रकाना, कारण शाळा सुटल्यावर दुरुस्ती करायला जनरल रजिस्टर, शिक्षणाधिकारी असे हेलपाटे पडतात. आमच्या दाखल्यावर मातृभाषा : इंग्लिश असं छापलं होतं. क्लार्कला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं सगळ्यांचं तेच टाकतात." सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे माता कोण मग, मी काय इंग्लंडवरनं आणली होती सून?" दुसऱ्या दिवशी जन्मदाखला आणि प्रवेशाचा फॉर्म घेऊन गेलो, तासभर बसलो आणि बदलून घेऊनच उठलो.